बीपी १००/८० असताना शॉक कसा?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. तुमच्या २४ वर्षांच्या भावाला डेंग्यू झाला. चार दिवस सणकून ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी उतरला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारपासून पोट दुखायला लागलं, तीन उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. दवाखान्यात तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. बीपी १००/८०, नाडी १२४, प्लेटलेट्स ४८ हजार. डॉक्टर म्हणाले, "पेशंट शॉकमध्ये आहे," आणि थेट आयसीयूत घेतलं. तुम्ही प्लेटलेट्ससाठी रक्तपेढीत धावाधाव केलीत, पण त्या दिल्याच नाहीत. सलाईन मात्र भराभर लावलं, दीड दिवसाने तेही बंद केलं आणि वर लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. भाऊ आता बरा होऊन घरी आहे. तुमचं म्हणणं असं, की बीपी नॉर्मल, रक्ताचा थेंब कुठून गेलेला नाही, पोरगा शुद्धीवर, बोलतोय. मग शॉक कसला, आणि शॉकने शरीरात नेमकं होतं काय? की बिलासाठी घाबरवलं?

बिलाबद्दल मी बोलणार नाही. केसपेपर पाहिल्याशिवाय बोलणं बरोबरही नाही. पण वैद्यकीय भागाचं उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. १००/८० हे बीपी नॉर्मल नाही. तुम्ही वरचा आकडा पाहिलात, डॉक्टरांनी दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं. एरवी हे अंतर ४० च्या आसपास असतं, १२०/८० सारखं. डेंग्यूच्या पेशंटमध्ये ते २० वर आलं, सोबत हातपाय गार आणि नाडी पळतेय, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो शॉकच. वरचा आकडा ९० च्या खाली जायची वाट पाहायची नसते.

शॉक म्हणजे बीपी कमी होणं, अशी आपली समजूत असते. मुळात शॉक म्हणजे शरीरातल्या पेशींना जेवढा ऑक्सिजन लागतो तेवढा रक्ताभिसरण पोहोचवू शकत नाही, ही अवस्था. बीपी पडणं हा त्याचा एक परिणाम आहे, आणि तरुण माणसात बराच उशिरा दिसणारा. मधल्या काळात शरीर काय करतं, ते समजलं की तुमच्या भावाचं सगळं कोडं सुटतं. म्हणून तिथेच जरा रेंगाळते.

विश्रांतीत असलेल्या मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर झाले. या रक्तातून मिनिटाला सुमारे १००० मिली ऑक्सिजन शरीरभर जातो आणि पेशी त्यातला २५० मिलीच्या आसपास वापरतात. बाकीचा तसाच परत येतो. ही आपली शिल्लक. त्यामुळे रक्ताचा पुरवठा थोडा घटला तरी पेशी त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात आणि काही काळ काहीच बिघडत नाही.

आता समजा रक्तवाहिन्यांतला द्रव कमी झाला. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारंही घटतं. ७० चं ४० मिली होतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारे संवेदक बसवलेले आहेत. त्यांना हे लगेच कळतं. क्षणार्धात मेंदूकडून आदेश सुटतात, ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन रक्तात उतरतं, नाडी पळू लागते. ४० मिलीला १२० ठोक्यांनी गुणा: ४.८ लिटर. हिशेब जेमतेम जुळला. त्याच वेळी शिरा आकसतात. शरीरातलं बहुतांश रक्त, साधारण दोन तृतीयांश, शिरांमध्ये संथ पडून असतं. शिरा आवळल्या की हा साठा हृदयाकडे ढकलला जातो. मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवायला लागतात, लघवी कमी होते, तहान लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. छोट्या धमन्या आवळल्या जातात, पण सगळीकडे सारख्या नाही. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडचा पुरवठा तोडून तो हृदय आणि मेंदूसाठी राखला जातो. एप्रिल-मे मध्ये धरणातला साठा आटल्यावर पालिका जशी वॉर्डावॉर्डाचे व्हॉल्व्ह बंद करून मुख्य लाईनचा दाब टिकवते, तसंच हे. पंपिंग स्टेशनवरच्या काट्याकडे पाहिलं तर सगळं आलबेल. कोरडे पडलेले नळ वॉर्डात जाऊनच कळतात. बीपीचं मशीन हा तो पंपिंगवरचा काटा आहे. वॉर्ड म्हणजे हाताचे तळवे, पावलं, आणि लघवीची पिशवी.

धमन्या आवळल्या की खालचा आकडा वर चढतो. हृदयाचा ठोका लहान झाल्यामुळे वरचा आकडा मात्र फारसा वाढत नाही, हळूहळू उतरतो. दोघे एकमेकांच्या जवळ येतात. तुमच्या भावाचं १००/८० हे असं तयार झालं. त्याचा सरासरी दाब (खालचा आकडा अधिक दोघांतल्या अंतराचा तिसरा हिस्सा) काढला तर ८७ च्या आसपास येतो, आणि मेंदूला तेवढा भरपूर झाला. मेंदू सरासरी दाब साधारण साठीपर्यंत उतरला तरी स्वतःचा पुरवठा सांभाळून घेतो. म्हणूनच डेंग्यूच्या शॉकमधले पेशंट बोलतात, मोबाईल पाहतात, चालत येतात, "मला काही झालेलं नाही, आईला उगाच काळजी" असंही सांगतात. आमच्या आयसीयूतल्या सिस्टर अशा पेशंटला सलाईन लावण्याआधी त्याच्या पावलांना हात लावून पाहतात. मॉनिटर नंतर.

पुढचा प्रश्न: रक्त सांडलं नाही, तर द्रव गेला कुठे?

डेंग्यूमध्ये तो शरीराच्या आतच गळतो. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला एक अतिशय पातळ, साखर-प्रथिनांचा थर असतो. विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिन (तेच, ज्याची सुरुवातीला तपासणी करतात) आणि आपल्याच प्रतिकारशक्तीतून सुटलेली रसायनं हा थर खराब करतात. मग रक्तपेशी आत राहतात, पण रक्तातलं पाणी, मीठ आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. तो फुप्फुसाभोवती साठतो, पोटात साठतो, पित्ताशयाची भिंत सुजवतो. सोनोग्राफीत हे स्पष्ट दिसतं. यकृत ताणलं जातं, आतड्यांना रक्त कमी पडतं, आणि पोटात दुखतं. तेव्हा भावाचं पोट 'औषधांमुळे' किंवा 'उपाशी असल्याने' दुखत होतं असं समजू नका.

किती प्लाझ्मा गेला, हे हिमॅटोक्रिट सांगतं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टवर तो पीसीव्ही किंवा एचसीटी म्हणून लिहिलेला असतो आणि घरच्यांपैकी कोणीही त्याकडे बघत नाही. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, तो हा आकडा. ६० किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. एचसीटी ४० असेल तर त्यात १.७ लिटर पेशी. आता तोच आकडा ५० झाला, पेशी तेवढ्याच, तर एकूण रक्त उरलं ३.४ लिटर. म्हणजे ८५० मिली प्लाझ्मा गायब, एकूण प्लाझ्माचा तिसरा हिस्सा. बिछान्यावर एक डाग नाही. एवढं नुकसान अपघातात झालं असतं तर सगळ्यांनी आरडाओरडा केला असता.

प्रत्यक्षात माणूस आजारी असतो तेव्हा गणित इतकं स्वच्छ जुळत नाही. आधीचं सलाईन, उलट्या, मुळातला ॲनिमिया हे सगळं मध्ये येतं. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच ९ असेल तर तिचा ३६ एचसीटीसुद्धा चढलेला असू शकतो. म्हणून आम्हाला पहिल्या दोन-तीन दिवसांतला जुना रिपोर्ट हवा असतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ ही गळतीची मोठी खूण. तुमच्याकडे भावाचे सगळे रिपोर्ट असतील तर प्लेटलेट्सचा रकाना सोडा आणि एचसीटी ओळीने लिहून काढा. मला खात्री आहे की त्या दुपारी तो चढलेला दिसेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरलेला. तसा दिसला नाही, तर मात्र डॉक्टरांना विचारायला तुमच्याकडे रास्त प्रश्न आहे.

ताप उतरल्यावरच हे का होतं? विषाणूची रक्तातली संख्या घटते तेव्हा ताप जातो, पण नेमकी त्याच सुमाराला गळती जोरात असते. आजाराचा तिसरा ते सातवा दिवस, ताप ओसरताना, पुढचे २४ ते ४८ तास. बहुतेकांना काहीच होत नाही, ते बरेच होतात. थोड्यांना तुमच्या भावासारखं होतं. कोणाला होईल हे आधी नक्की सांगता येत नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि पूर्वी एक होऊन गेलेला असताना दुसऱ्या प्रकाराचा झाला तर धोका वाढतो, एवढं माहीत आहे. गंमत म्हणजे पहिला डेंग्यू अनेकांना झालेला कळतही नाही, साधा व्हायरल म्हणून निघून जातो.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या भावाचा प्लाझ्मा आतल्या आत गळला, शरीराने कातडी-आतडी-मूत्रपिंडांचा पुरवठा तोडून बीपी आणि मेंदू सांभाळला, आणि डॉक्टरांनी त्याला त्या अवस्थेत पकडलं. याला भरपाईच्या टप्प्यातला शॉक म्हणतात. 'बीपी तर नॉर्मल होता' ही तक्रार खरं तर वेळेवर निदान झाल्याची खूण आहे.

वेळेवर झालं नसतं तर? हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण तुम्ही 'शॉकने शरीरात नेमकं होतं काय' असं विचारलंय म्हणून सांगते.

पेशीला ऑक्सिजन मिळतो तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसेक नाणी, एटीपी, मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त दोन. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर पेशीच्या भिंतीतले सोडियमचे पंप चालत नाहीत. सोडियम आत शिरतं, पाठोपाठ पाणी, आणि पेशी फुगते. ऑक्सिजनशिवाय काम ढकलल्याने लॅक्टेट तयार होतं. एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये तो २ च्या वर गेला की आम्ही सावध होतो, ४ च्या वर गेला की धावतो. रक्त आम्ल होत जातं. शरीर ते आम्ल उच्छ्वासावाटे काढायला बघतं, म्हणून श्वास जलद आणि खोल होतो. अनेकदा नातेवाइकांना 'दम लागला' म्हणून दिसतं ते फुप्फुसाचं दुखणं नसून हे असतं.

मग अवयव एकेक करून बोलू लागतात. मूत्रपिंड आधी: तासाला किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीहून कमी. आतड्याचं अस्तर उपासमारीत झडायला लागतं आणि आतले जंतू, त्यांची विषं रक्तात जायला वाट मिळते. यकृताचे एन्झाइम हजारांत जातात. हृदयाची अडचण वेगळीच. ते स्वतःला रक्त घेतं दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, आणि नाडी १४० झाली की ती विश्रांतीच आखडते. ज्याने सगळ्यांना वाचवायचं त्याचीच उपासमार सुरू होते.

शेवटच्या टप्प्यात आवळलेल्या धमन्या दमतात. आम्लात त्या ॲड्रिनलिनचं ऐकत नाहीत, सैल पडतात. तेव्हा बीपी पडतं आणि तरुणांत ते पायरीपायरीने पडत नाही, एकदम पडतं. साधारण तीस टक्के रक्त कमी होईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो आणि मग पाऊण तासात मशीनला वाचतासुद्धा येत नाही, असं होतं. रक्त गोठवण्याची यंत्रणा बिघडते. जागोजागी बारीक गुठळ्या होतात, त्यात गोठवणारे घटक संपतात आणि मग रक्त वाहायला लागतं. डेंग्यूत जे मोठे रक्तस्राव होतात, पोटातून, आतड्यांतून, त्यातले बरेच लांबलेल्या शॉकच्या मागून आलेले असतात. एका मर्यादेनंतर द्रव भरला, बीपी वर आणलं, तरी अवयव परत येत नाहीत. ती मर्यादा कुठे आहे हे मॉनिटरवर लिहिलेलं नसतं.

यातच तुमच्या प्लेटलेट्सच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गळती होतेय ती केशवाहिन्यांच्या अस्तरातून, आणि तिथे प्लेटलेट्स ओतून ती थांबत नाही. प्लेटलेट्स घटणं आणि गळती एकाच सुमाराला होतात म्हणून कमी प्लेटलेट्स दोषी दिसतात. सिंगापूर आणि मलेशियात मोठ्या माणसांवर झालेली एक पद्धतशीर चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा पेशंटना प्लेटलेट्स देऊन पाहिल्या. रक्तस्राव कमी झाला नाही, ॲलर्जीसारखे त्रास मात्र वाढले. ४८ हजारांवर, रक्तस्राव नसताना, मीही दिल्या नसत्या. रक्तस्राव सुरू असेल, शस्त्रक्रिया करायची असेल किंवा आकडा १० हजारांच्या खाली गेला असेल तर विचार वेगळा.

घरच्यांना मी दोष देत नाही. रोज संध्याकाळी आम्हीच त्यांना प्लेटलेट्सचा आकडा सांगतो, मग तेही तोच विचारणार. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध, सगळं त्या एका आकड्यासाठी. बकरीच्या दुधाला डेंग्यूच्या मोसमात जो भाव येतो तो ऐकून मी थक्क होते. त्यापेक्षा 'आज एचसीटी किती, लघवी किती झाली' असं एखादा नातेवाईक विचारतो, तेव्हा त्याला खुर्ची देऊन बसवावंसं वाटतं.

सलाईन आधी धो धो आणि मग बंद, वर लघवीचं इंजेक्शन. हे तुम्हाला एकमेकांच्या विरुद्ध वाटलं, साहजिक आहे. पण दोन्ही बरोबर असू शकतात, कारण मधल्या दीड दिवसात आजाराने बाजू बदलली.

गळती चालू असताना आत भरावं लागतं. बीपी टिकून असलेल्या शॉकमध्ये मोठ्या माणसाला पहिल्या तासात किलोमागे ५ ते १० मिली, म्हणजे साठ किलोला ३०० ते ६०० मिली. बीपी पडलेलं असेल तर २० मिली, तेही पंधरा मिनिटांत. त्यानंतर दर तासा-दोन तासांनी पेशंट पाहायचा. पावलं गरम झाली का, दोन आकड्यांतलं अंतर वाढलं का, लघवी सुटली का, एचसीटी उतरला का. उत्तरं होकारार्थी आली की वेग लगेच कमी करायचा: तासाला किलोमागे ७ मिली, मग ५, मग ३. कारण साध्या सलाईनपैकी तासाभराने रक्तवाहिन्यांत उरतं ते पाव ते तिसरा हिस्सा, आणि गळती चालू असताना तर त्याहून कमी. बाकीचं फुप्फुसाभोवती, पोटात जाऊन बसतं. २४ ते ४८ तासांत अस्तर सावरतं, गळती थांबते आणि बाहेर साठलेलं सगळं पाणी परत रक्तात येऊ लागतं. त्या वेळी सलाईन चालूच ठेवलं तर फुप्फुसात पाणी होऊन माणूस गुदमरतो. शॉकमधून वाचलेला पेशंट पाण्यात बुडतो. म्हणून सलाईन बंद, आणि दम लागत असेल तर लॅसिक्स, म्हणजे तेच लघवीचं इंजेक्शन. डेंग्यूतली खरी कसोटी सलाईन सुरू करण्यात नाही, ते वेळेवर थांबवण्यात आहे. घरच्यांचा आग्रह उलटा असतो, 'अजून एक बाटली लावा, अशक्तपणा आहे'.

सलाईन हे औषध आहे, त्याला डोस असतो आणि दुष्परिणामही, हे आम्हा डॉक्टरांनाही उशिराच नीट उमगलं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांहून जास्त तापाच्या गंभीर बालरुग्णांवर झालेल्या अभ्यासात भराभर द्रव दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त निघाले: ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के, आणि न दिलेल्यांत सव्वासात टक्के. जुलाबाने कोरडी पडलेली मुलं त्या अभ्यासात नव्हती, त्यांना द्रव लागतोच. निष्कर्ष एवढाच काढायचा, की शॉक म्हटलं की डोळे झाकून बाटल्या ओतायच्या नसतात. शॉक कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखायचं.

आणि जाती वेगवेगळ्या असतात, त्यांच्याबद्दल थोडंच सांगते, नाहीतर उत्तर संपायचं नाही. बाळंतपणात किंवा अपघातात रक्त जातं, तो द्रव कमी पडण्याचाच प्रकार. तिथे सलाईनपेक्षा रक्त आणि वाहती जागा बंद करणं महत्त्वाचं. मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर पंपच निकामी होतो. तिथे बाटल्या ओतल्या तर नुकसान. तीव्र ॲलर्जीत धमन्या एकदम सैल पडतात, तिथे मांडीत ॲड्रिनलिन, मोठ्यांना अर्धा मिलिग्रॅम, आणि ते लगेच. जंतुसंसर्गाचा शॉक तुमच्या भावाच्या बरोबर उलटा दिसू शकतो: हातपाय गरम, आणि बीपी १००/४०. वरचा आकडा दोघांचाही १००. पण एकाच्या धमन्या आवळलेल्या, दुसऱ्याच्या सैल. त्या दुसऱ्याचा सरासरी दाब ६० येतो आणि त्याला लवकर अँटिबायोटिक, थोडं द्रव आणि नॉरॲड्रिनलिन लागतं. म्हणून 'वरचा किती' एवढंच फोनवर सांगणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारते, "आणि खालचा?"

यातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. लाल विंचू चावलेले पेशंट घामाने निथळत, बर्फासारख्या गार हातापायांनी येत, आणि बीपी मात्र चढलेलं असे. विषामुळे शरीर स्वतःचंच ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन इतकं सोडतं की धमन्या करकचून आवळल्या जातात, त्या दाबाविरुद्ध ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे पेशंट रात्र-रात्र जागून निरखले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. ही बीपी कमी करणारी गोळी! गार पडलेल्या, कोसळू पाहणाऱ्या पेशंटला बीपीची गोळी द्यायची, हे त्या काळी कोणाला पटलं असतं? पण आवळलेल्या धमन्या मोकळ्या झाल्या, हृदयावरचा भार उतरला आणि गंभीर रुग्णांमधले मृत्यू कमालीचे घटले. त्यांचं हे काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथेही बीपीचा आकडा फसवत होता, आणि गार हात खरं सांगत होते.

गार हातावरून एक साधी चाचणी सांगते, कारण तुमच्या घरात अजून डेंग्यूचे दिवस येऊ शकतात. बोटाचं टोक किंवा नख पाच-दहा सेकंद दाबून धरा, ते पांढरं पडेल. सोडल्यावर गुलाबी व्हायला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गडबड आहे. हात हृदयाच्या पातळीला ठेवा. एसीच्या खोलीत किंवा नुकतेच थंड पाण्याने हात धुतले असतील तर फसाल. वयस्करांत जरा उशीर होतोच. आणि काळसर त्वचेवर, पिवळ्या दिव्यात दिसायला अवघड जातं, म्हणून उजेडात पाहा. ही चाचणी घरगुती वाटली तरी दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत, जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये, लॅक्टेटच्या महागड्या तपासणीशी तिची तुलना झाली आहे. २०१९ मध्ये आलेल्या त्या निकालांत बोट दाबून उपचार ठरवलेले पेशंट मागे पडले नाहीत.

मात्र मी जे आकडे सांगितले ते सगळ्यांना जसेच्या तसे लावू नका. बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या आजोबांची नाडी शॉकमध्येही ८० राहील. ज्याचं रोजचं बीपी १६०, त्याचं ११० म्हणजे पडलेलंच. गरोदर बाईच्या अंगात रक्त जास्त असतं, ती बराच वेळ काही दाखवत नाही. लहान मुलं तर शेवटपर्यंत बीपी टिकवतात आणि मग हातातून निसटतात. मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर सलाईनचा हिशेबही बदलतो. अशांना ताप डेंग्यूचा आहे असं कळल्यावर घरी ठेवूच नये, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना ते जास्तीचं वाटतं.

तुमच्या रागाबद्दलही एक बोलते. वैद्यकीय उपचार बरोबर वाटतात, पण 'शॉक' हा शब्द फेकून दार लावून घेणं बरोबर नव्हतं. पाच मिनिटं बाहेर येऊन बीपीच्या दोन आकड्यांतलं अंतर समजावलं असतं तर तुम्ही रक्तपेढीच्या रांगेत आणि संशयात दोन दिवस घालवले नसते. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'डेंग्यू' लिहिलं असेल तर परत जाऊन सविस्तर समरी मागा. त्यात एचसीटीचे आकडे तारीख-वेळेसह, दर तासाच्या लघवीची नोंद, सोनोग्राफीत फुप्फुसाभोवती किंवा पोटात पाणी होतं का, लॅक्टेट केलं असल्यास किती, आणि एकूण किती द्रव दिला, हे हवं. कागदपत्रं मागणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यावरून बिलाचाही अंदाज तुमचा तुम्हाला येईल.

भावाला पुढचे दोन-तीन आठवडे थकवा राहील, ते अपेक्षित आहे. अंगावर खाजणारं पुरळ येऊन जाईल, तेही चालतं. यापुढे कधीही ताप आला तर निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, कमरेत इंजेक्शनही नको. ओआरएस, पेज, ताक, शहाळं जे पोटात टिकेल ते द्या. आणि ताप उतरेल त्या दिवशी त्याला ऑफिसला पाठवू नका. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा गळून पडणं, गार हातपाय, आणि पाच-सहा तास लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघा. जाताना पहिल्या दिवसाचा सीबीसी बरोबर घ्या.